शेजारचं घर तुझ्यासाठी घेतलंय म्हणे

हॉथॉर्न क्लोज,
रविवार, दुपारच्या चहानंतर

आदरणीय एनिडताई हिला धाकट्या सिरिलकडून, मान खाली घालून.

मान खाली का, ते पुढे येईलच. आधी तुझी खुशाली कळव. स्कारबरोला वारा सुटला असेल. डॉक्टरने गुडघ्याला बांधायला दिलेला पट्टा लागू पडला का? मांजर नीट जेवते का? (मागे तू लिहिलं होतंस की ती डब्यातल्या सार्डिनशिवाय कशाला तोंड लावत नाही. ताई, असल्या सवयी लावू नयेत, नंतर मोडता येत नाहीत.) माझं बरं चाललं आहे. छातीत कफ आहे, पण तो दर हिवाळ्यात असतोच. बॉयलर मात्र पुन्हा आतून टकटक करायला लागला आहे, आणि तो फुटलाच तर हाक कुणाला मारायची या काळजीने माझं जेवणात लक्ष नसतं. आतापर्यंत हाक मारायला भिंतीपलीकडे पिल्बीमबाई होत्या. सगळं त्यावरूनच सुरू झालं.

तू आता खुर्चीत बस. उभ्याने वाचत असशील तर मुद्दाम सांगतो, बस. आमच्या या बंद गल्लीतल्या बाराही घरांची अशी खात्री झाली आहे की नाताळाच्या आत तू माझ्या शेजारी राहायला येणार. पिल्बीमबाईंचं घर तुझ्यासाठी ठरलं आहे. त्यांच्या फाटकापाशी दलालाने जी पाटी रोवली होती तिच्यावर 'बोलणी पक्की' अशी लाल पट्टीही चिकटवली आहे, आणि ती मला माझ्या न्हाणीघरातून दाढी करताना दिसते. तुला कुणी विचारलं नाही हे मला मान्य आहे. ते विचारायचं काम माझं होतं.

पिल्बीमबाई तुला आठवतील. माझ्या मार्जरीच्या अंत्यविधीला ज्यांनी हॅमची सँडविचेस करून आणली होती आणि तू म्हणाली होतीस की या बाईंना ब्रेड कापता येतो, त्याच. त्यांची मुलगी डेव्हनला समुद्राजवळ असते. तिला उन्हाळ्यात जुळी झाली, आणि नवरा जहाजावर नोकरीला, म्हणजे घरात असून नसल्यासारखा. तेव्हा बाईंनी इथलं घर विकून मुलीच्या घरामागच्या रस्त्यावरचं एक छोटं बैठं घर घ्यायचं ठरवलं. त्या घराचा मालक नोव्हेंबर संपेपर्यंत त्यांच्यासाठी थांबायला तयार आहे, त्यापुढे नाही. इथलं विकलं तर तिथलं मिळणार. हे सगळं त्यांनी मला कुंपणावरून सांगितलं तेव्हा मी शेंगांच्या वेलाच्या काठ्या उपटत होतो. मी म्हणालो, "छान झालं." मग घरात जाऊन चहा केला आणि तो प्यायचं विसरलो.

त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांचं भांडं परत करायला गेलो. त्यांनी सफरचंदाचं पुडिंग दिलं होतं त्याचं. (दोनदा धुतलं होतं. कडेला साखर करपलेली होती ती सुरीने खरवडली, त्यात भांड्यावरचं थोडं चित्र गेलं. तो विषय वेगळा आहे.) पुढचं दार सताड उघडं, आणि दारात बाई नाहीत, तर टोकदार बुटांतली एक तरुण मुलगी. ती दलालाच्या कचेरीतली मिस स्पेन्स. लोक घर पाहायला येतात तेव्हा मालकाने घरात थांबायचं नसतं, म्हणून बाईंना तिने लायब्ररीत धाडलं होतं. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, या, या, अकरा वाजताचे तुम्हीच ना? मी म्हणालो, सॉरी. आता तुला माहीत आहे, आपण दुसऱ्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी म्हणतो आणि दुसऱ्याने आपल्या पायावर दिला तरी सॉरीच म्हणतो. तिने त्याचा अर्थ होय असा घेतला. एकदा ती वळून आत चालायला लागल्यावर मागून ओरडून खुलासा करणं मला उर्मट वाटलं. मी पायपुसण्यावर बूट पुसले आणि तिच्यामागे गेलो. हातात काचेचं भांडं घेऊन घर पाहायला आलेला माणूस तिने आधी पाहिला नसावा, पण पोरगी वळणाची, तिने भांड्याकडे पाहिलं नाही.

ताई, तीसेक वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या स्वयंपाकघरापलीकडे कधी गेलो नव्हतो. जायचं कारणच काय? आणि आता मी त्यांच्या जिन्यावर होतो. त्यांच्या झोपायच्या खोलीत मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी सगळा वेळ छताकडे पाहत राहिलो. मिस स्पेन्सने विचारलं, छताला काही झालंय का? मी म्हणालो, छत उत्तम आहे. मग काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं की शेजार कसा आहे. तर ती म्हणाली, शांत आहे. या बाजूला एक म्हातारे गृहस्थ राहतात. जरा काळजीखोर आहेत, कचऱ्याचे डबे कुणी आदल्या संध्याकाळीच बाहेर ठेवले की खिडकीत येऊन उभे राहतात, पण मालकीणबाई सांगतात की निरुपद्रवी आहेत. मी विचारलं, घोरतात का? ती म्हणाली, भिंत जाड आहे.

निरुपद्रवी. तो शब्द मी अजून चघळतो आहे.

तेवढ्यात खरे अकरा वाजताचे आले. एक जोडपं. त्याच्या डोळ्यांवर गॉगल (बाहेर धुकं होतं) आणि हातात मोजपट्टी. त्याने बैठकीत येऊन माझ्या बाजूच्या भिंतीवर बोटांनी वाजवून पाहिलं आणि बायकोला म्हणाला की इथं मोठा टीव्ही टांगू, आवाज झकास घुमेल. बायको म्हणाली, मागे गरम पाण्याचा हौद बसेल, आणि पुढची ती झाडी काढून टाकली की दोन गाड्या उभ्या राहतील. ती झाडी म्हणजे पिल्बीमबाईंच्या नवऱ्याने लावलेले गुलाब. मग त्या गॉगलवाल्याने मिस स्पेन्सला विचारलं की शेजारचा म्हातारा साधारण किती वर्षांचा आहे. तिने सांगितलं, ऐंशीच्या आसपास. तो हसून बायकोला म्हणाला, "म्हणजे तेही घर येतंय की थोड्या दिवसांत. मधली भिंत पाडू."

ताई, मी म्हणालो, "हे घर मी घेतो. सांगितली तेवढी किंमत देतो."

हे मी म्हणालो हे मला नंतर कळलं. मिस स्पेन्सने विचारलं, तुमचं आधीचं घर विकायचं बाकी आहे का? मी म्हणालो, नाही. कर्ज काढणार? मी म्हणालो, मी आयुष्यात कर्ज काढलेलं नाही. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी आहेत, पण ती ऐकून तिचा चेहरा असा उजळला की जणू लॉटरी तिलाच लागली. इथं एकाचं विकलं गेल्याशिवाय दुसऱ्याला घेता येत नाही, दुसऱ्याचं अडलं की तिसऱ्याचं अडतं, आणि मी असा एकटा, कुणामुळे न अडलेला, रोख पैशांचं गिऱ्हाईक. माझ्याकडे पेन्शन, पोस्टातली थोडी पुंजी आणि मार्जरीची शिवणयंत्रं आहेत हे तिने विचारलं नाही. तिने फक्त नाव आणि पत्ता विचारला. मी पत्ता सांगितला. मग मात्र तिने पहिल्यांदा माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं. म्हणाली, "स्वतःसाठी घेताय?"

आणि तिथं तुझं नाव आलं. मी म्हणालो, "नाही, माझ्या ताईसाठी."

मी मनाशी ठरवलं होतं की सोमवारी फोन करून नाही म्हणून सांगायचं. कराराच्या कागदांची अदलाबदल होईपर्यंत कायदा कुणालाच बांधत नाही, एक फोन केला की मोकळं. पण त्याच दुपारी पिल्बीमबाई लायब्ररीतून आल्या त्या थेट माझ्या मागच्या दाराशी. डोळ्यांत पाणी. माझा हात दोन्ही हातांत धरला (हाताला माती होती) आणि म्हणाल्या, "अहो सिरिल, परकं कुणी येणार नाही, एवढ्यानेच माझा जीव भांड्यात पडला." यानंतर सोमवारी फोन कसा करायचा ते तू सांग. मी रिसीव्हर उचलला होता. फोनवर सांगतात तो हवामानाचा अंदाज ऐकून खाली ठेवला.

त्यानंतर गल्लीने तुझा ताबा घेतला. समोरचे टनिक्लिफ तुला माहीत नाहीत. नगरपालिकेतून निवृत्त झाले, पण गल्लीतल्या कुंपणांची उंची मोजायचं काम त्यांनी घरी आणलं. ते शिडीवरून ओरडले, "काय ओकडेन, तुमची ताई तुमच्यासारखीच आहे का हो?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग येऊ द्या, येऊ द्या." रोज कुणी ना कुणी फाटकापाशी थांबून तुझ्याविषयी विचारतं आणि मला काहीतरी सांगावं लागतं. तेव्हा नोंद असू दे की तुला कुत्री आवडत नाहीत, पत्त्यांमध्ये तू एकदा बिशपला हरवलं आहेस, आणि तू चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातेस. (तुला गाता येत नाही हे मला माहीत आहे. पण विचारणारा खुद्द पाद्री होता आणि त्यांच्याकडे खालच्या पट्टीला कुणीच नाही. आता नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी वेदीवरची फुलंही तुझ्याकडे आहेत.) पिल्बीमबाईंच्या वकिलाचे फोन येतात. मी आवाज बदलून सांगतो की ओकडेन बाहेर गेलेत. तिसऱ्या वेळी त्याने विचारलं, मग आपण कोण? मी म्हणालो, बॉयलरवाला.

इथवर तू हसली असशील तर ठीक. यापुढचं हसण्यासारखं नाही आणि हे लिहिताना मी दोनदा उठून कुंपणापर्यंत जाऊन आलो.

तीन आठवड्यांपूर्वी पिल्बीमबाई माझ्याकडे आल्या. या वेळी पुढच्या दाराने, अंगात चांगला कोट, हातात शहाजिरं घातलेला केक. पुढच्या दाराने आल्या म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे मी ओळखलं. बसल्या, पण खुर्चीच्या कडेवर. म्हणाल्या की त्यांना सांगायची लाज वाटते आहे. तो गॉगलवाला आणि त्याची बायको परत आलेत, तुमच्याहून बरीच जास्त किंमत देतो म्हणतात, आणि लगेच कागद करायला तयार आहेत. माझा वकील म्हणतो तुम्ही भेटत नाही. मुदत जवळ येत चालली आहे. डेव्हनचा मालक रोज विचारतो. एकदा शब्द दिल्यावर दुसऱ्याकडून जास्त घेणं हे हलकटपणाचं आहे हे मला कळतं, मी असल्या लोकांना आयुष्यभर नावं ठेवली, पण पोरीला रात्रंदिवस दोन बाळं एकटीने ओढावी लागताहेत. आणि मग, अगदी हळू, "तुम्ही मला माझ्या शब्दातून मोकळं कराल का हो, सिरिल?"

ताई, दार उघडं होतं. फक्त बाहेर पडायचं होतं. 'घ्या त्यांचे पैसे, पिल्बीमबाई, जा सुखाने' एवढं म्हटलं असतं की माझी फजिती झाकली गेली असती, त्यांचं घर झालं असतं, आणि वर मीच मोठ्या मनाचा ठरलो असतो. असा सौदा कुणाला पुन्हा मिळत नाही. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "एनिडने तिचं सामान बांधायला घेतलंय. मांजरासाठी प्रवासाची टोपलीसुद्धा आणली."

त्यांचा चेहरा पडला. मग त्या लगेच सावरल्या, म्हणाल्या, छे छे, शब्द म्हणजे शब्द, मी विचारायलाच नको होतं, आणि वर माझीच माफी मागितली. तुझीही फोन करून मागते म्हणाल्या. मी घाईघाईने सांगितलं की तुला ऐकू कमी येतं आणि तू फोन घेत नाहीस. त्या गेल्या. केक ठेवून गेल्या. मी तो तीन दिवस झाकून ठेवला, मग पाखरांना टाकला, तर पाखरांनीही पिल्बीमबाईंच्या अंगणात नेऊन खाल्ला.

असं मी का बोललो, हे तू विचारणार. त्या गॉगलवाल्याच्या टीव्हीमुळे, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो. पण ते कारण असतं तर पिल्बीमबाई कोट घालून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या तेव्हा मला टीव्ही आठवला असता. मला तो आठवला नाही. मला एवढंच दिसलं की मी हो म्हटलं तर त्या जातील. सकाळी भिंतीपलीकडे त्यांची किटली शिट्टी मारते तेव्हा मी उठतो. मला गजराचं घड्याळ नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्या नातवंडांपासून अडवून धरलं आहे, आणि तेही माझ्या बहिणीच्या नावाने, आणि ती माझीच माफी मागून गेली. शेजाऱ्यांना मी आता तोंड दाखवतो ते केवळ डबे बाहेर ठेवायला, आणि तेही अंधार पडल्यावर. म्हणजे टनिक्लिफ आता खिडकीत येतात.

बाकी सर्व ठीक. थंडी वाढते आहे, लोकरीचे मोजे घालत जा. रागावू नकोस असं म्हणत नाही, पण रागावून झालं की लिही.

तुझा लाजिरवाणा भाऊ,
सिरिल

ता. क. — मुख्य काम लिहायचं राहिलं, किंवा खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच एवढे कागद खर्च केले. तू पिल्बीमबाईंना फोन करून सांग की तुझा विचार बदलला. स्कारबरो सोडवत नाही म्हण, गुडघा म्हण, काहीही म्हण. कडकपणे सांग. तू कडक आहेस हे सगळ्या गल्लीला माहीत आहे (मीच सांगितलं आहे). मग दोष तुझ्यावर जाईल आणि मला फक्त वाईट वाटल्यासारखं दाखवावं लागेल, तेवढं मला जमेल. तुला फोन ऐकू येत नाही असं मी सांगितलंय, तेव्हा सुरुवातीला दोन-तीनदा 'काय म्हणालात?' असं विचार.

ता. क. दुसरा, सोमवार — फोन करू नकोस. हे पत्र टाकायला निघालो होतो. पिल्बीमबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरून जावं लागतं. त्या आत टेबलाशी उभ्या राहून कप एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. डेव्हनचं घर हातून सुटत चाललेलं, महिना संपत आलेला, आणि ही बाई माझ्या शब्दावर कप गुंडाळते आहे. माझ्याच्याने फाटकापर्यंत जाववलं नाही. मी मागच्या दाराने आत गेलो आणि टोपी न काढता सांगितलं, "एनिड येत नाहीये. तिला यातलं काही माहीतच नाही. माझ्याकडे पैसे नाहीत. तुम्ही जाऊ नये म्हणून मी तुम्हाला अडवलं."

त्या म्हणाल्या, "टोपी काढा आधी, आणि बसा."

मग जे कळलं ते तुला सांगायची गरज नाही, कारण ते तुला माझ्याआधी माहीत होतं. केक ठेवून गेल्या त्याच संध्याकाळी त्यांनी तुला फोन केला म्हणे, बहिऱ्या बाईशी बोलायचं म्हणून मोठ्याने ओरडून, आणि तू त्यांना म्हणालीस की ओरडू नका, माझे कान ठीक आहेत, डोकं माझ्या भावाचं ठिकाणावर नाही. तेव्हापासून दर गुरुवारी तुम्ही दोघी फोनवर बोलता म्हणे. त्या जोडप्याला बाईंनी नाही म्हटलंच नव्हतं, चार दिवस, चार दिवस म्हणून थोपवून धरलं होतं. मी विचारलं, मग मला बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "तुम्ही आपण होऊन येऊन सांगाल असं एनिड म्हणत होत्या. मी म्हणत होते, जन्मात नाही. आमची पैज होती." आणि पुढचा कप उचलून, माझ्याकडे न बघता, "तशी मलाही जायची फारशी घाई नव्हती."

एवढंच. मी बश्या गुंडाळायला घेतल्या. त्या म्हणाल्या, मी कागद फार वापरतो.

ताई, तुला पैजेत काय मिळालं ते मला सांगू नकोस. तू माझ्या बाजूने पैज लावलीस हेच पुष्कळ आहे.

ता. क. तिसरा, गुरुवार — पत्र अजून टाकलेलं नाही. जोडप्याचे कागद झाले. हौद वसंतात बसणार. पिल्बीमबाईंचं सामान पुढल्या शनिवारी सकाळी जाईल आणि मुलगी त्यांना गाडीने न्यायला येईल. त्या दिवशी तू ये. राहायला नको, एका दिवसापुरती ये. गाडी वळणाआड जाईपर्यंत दारात उभं राहून हात हलवावा लागेल, आणि ते मला एकट्याने जमेल असं वाटत नाही. सगळी गल्ली दारात असणार. टनिक्लिफ तर शिडीवरच असतील. तू शेजारी उभी असलीस तर माझं तोंड कसंही झालं तरी लोकांना वाटेल, ते तू आल्यामुळे झालंय.